दत्तक गेलेल्यांच्या हाती संस्थेचा कारभार देताना

'दत्तक' या शब्दातच 'दिलेला' हा अर्थ आहे. देणारं कुणी होतं, घेणारं कुणी होतं, आणि ज्याला दिलं त्याला विचारायची सोयच नव्हती. तो माणूस पुढे पन्नाशीला आला तरी फॉर्मवर आणि बोलण्यात 'दत्तक मूल'च राहतो. दत्तकविधानानंतर आधार देणाऱ्या संस्थेत तो येतो तेव्हाही बहुतेक वेळा टेबलाच्या त्या बाजूला बसतो, आणि त्याच्याबद्दलचं सगळं या बाजूला बसलेले ठरवतात. म्हणजे लहानपणी झालं तेच पुन्हा.

अशा संस्थेचा कारभार दत्तक हे आतून जगलेल्या माणसांकडेच असावा, असं आमचं ठाम मत आहे. पण नुसत्या सदिच्छेवर हे केलं तर दोन-तीन वर्षांत चांगली माणसं थकून निघून जातात आणि 'बघा, भावनिक लोकांना कारभार जमत नाही' असं बोलायला जग मोकळं होतं. म्हणून हे कसं करायचं आणि कुठे बिघडतं, ते जरा तपशिलात लिहितो आहोत.

कल्पना नवी नाही. जीन पेटन ही अमेरिकेतली समाजकार्यकर्ती स्वतः दत्तक गेलेली होती आणि १९५३ पासून तिने दत्तक गेलेल्या प्रौढांचे अनुभव गोळा करायला सुरुवात केली. १९७१ मध्ये फ्लॉरेन्स फिशर यांनी न्यूयॉर्कमध्ये 'अल्मा' ही संघटना काढली. त्याही दत्तक गेलेल्या. १९७६ मध्ये 'कन्सर्न्ड युनायटेड बर्थपेरेंट्स' उभी राहिली, ती मूल दत्तक द्यावं लागलेल्या आयांची. ब्रिटनमध्ये दत्तक पालकांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या मंडळाची आजची 'अडॉप्शन यूके' झाली. सरकारी यंत्रणा जागी होण्याची वाट यातल्या कुणीच पाहिली नाही. आंतरदेशीय दत्तकाविषयीचा हेग करार १९९३ चा. त्याच्या कलम ९ मध्ये दत्तकानंतरच्या सेवांना चालना द्या असं म्हटलंय आणि कलम ३० मध्ये मुलाच्या मूळ पालकांची ओळख आणि वैद्यकीय माहिती जपून ठेवा असं. तोवर या लोकांचं काम कित्येक वर्षं चालू होतं.

अनुभव नसलेल्यांनी नियम केले की काय होतं, याचं एक उदाहरण इंग्लंडमधलं आहे. १९७५ च्या कायद्याने प्रौढांना आपला मूळ जन्मदाखला मिळवण्याचा हक्क दिला. पण १२ नोव्हेंबर १९७५ च्या आधी दत्तक गेलेल्यांना दाखला मिळण्याअगोदर समुपदेशकाची भेट सक्तीची केली. कारण समजण्यासारखं होतं: त्या काळच्या आयांना गुप्ततेची खात्री दिलेली होती. तरीही पाहा, चाळीस वर्षांच्या माणसाला स्वतःच्या जन्माचा कागद हातात पडण्याआधी एका अनोळखी व्यक्तीसमोर बसणं भाग होतं. समुपदेशन हाताशी असणं वेगळं आणि ते दारावर पहारेकऱ्यासारखं उभं असणं वेगळं. हा फरक दत्तक गेलेल्या माणसाला एका वाक्यात कळतो, समजावून सांगावा लागत नाही. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे असं आपण सहज म्हणतो. इथे तर प्रश्नच वंशाचा आहे.

आता विश्वस्त मंडळ. 'अनुभव असलेले लोक' हा एक गठ्ठा नाही. दत्तक गेलेले, जन्म देणारे आणि दत्तक घेणारे असे निदान तीन पक्ष असतात आणि त्यांचे हितसंबंध बऱ्याचदा एकमेकांच्या आड येतात. मंडळ मोकळं सोडलं की त्यात दत्तक पालकांची गर्दी होते. त्यात वाईट हेतू नसतो. त्यांच्याकडे वेळ, ओळखी आणि पैसा जास्त असतो, आणि मूल लहान असताना मदतीची गरज त्यांनाच तातडीने भासते. परिणाम मात्र ठरलेला: सगळे कार्यक्रम 'मुलाला कसं सांगावं' आणि 'मूल हट्टी का झालंय' यावर होतात. पंचेचाळिसाव्या वर्षी, आईवडील गेल्यावर कपाटातल्या कागदांवरून आपण दत्तक असल्याचं ज्याला कळतं, त्याच्यासाठी काहीच नसतं.

नऊ जणांचं मंडळ असेल तर आम्ही अशी रचना सुचवू: चार दत्तक गेलेले प्रौढ, एक जन्मदाती आई, एक दत्तक पालक, आणि हिशोब, कायदा व मानसिक आरोग्य यातले तीन जाणकार. चौघांची वयं वेगवेगळी हवीत, कारण विशीतला प्रश्न 'मी कोण' असा असतो, स्वतःला मूल झाल्यावर तो रक्ताच्या नात्याचा होतो, आणि साठीत 'आता शोधलं तरी कुणी हयात असेल का' असा होतो. एकाच दत्तक गेलेल्या व्यक्तीला मंडळावर घेऊन समाधान मानू नका. एकटा माणूस जगातल्या सगळ्या दत्तक गेलेल्यांचा प्रतिनिधी होऊन बसतो, प्रत्येक विषयावर मान त्याच्याकडेच वळते आणि वर्षभरात तो राजीनामा देतो. एकटी जन्मदाती आईही याच कारणाने अवघडते. दुसरी मिळाली की मंडळ दहाचं करा.

खरी परीक्षा असते ती सहीची. चेकवर, नेमणुकीच्या पत्रावर आणि वर्षाच्या अंदाजपत्रकावर कुणाची सही चालते ते पाहा. वार्षिक कार्यक्रमात भाषणाला दत्तक गेलेली मुलगी आणि अंदाजपत्रकाच्या बैठकीत तिला बोलावणंच नाही, अशी संस्था 'अनुभवी लोकांची' नसते. दत्तक स्वतः जगलेल्या सभासदांपैकी निदान अर्धे हजर नसतील तर सेवेसंबंधीचा ठराव होणार नाही, अशी कोरमची अट घटनेतच घाला. मुदत तीन वर्षांची ठेवा आणि लागोपाठ दोनच मुदती द्या. संस्थापकालाही हे लागू करा, किंबहुना त्याला आधी. ज्याची जन्मदात्यांशी पुनर्भेट छान झाली तो सगळ्यांना त्यांचा शोध घ्यायला सांगतो, ज्याला दार बंद मिळालं तो सगळ्यांना सावध करतो. संस्थापक पंधरा वर्षं राहिला की त्याची एकट्याची कहाणी संस्थेचं धोरण होऊन बसते.

दत्तक ही गोष्ट चांगली की वाईट, यावर मंडळात एकमत होणार नाही. होऊही नये. कुणी मनापासून कृतज्ञ असतं, कुणाला ही सगळी पद्धतच अन्याय वाटते, आणि दोन्ही माणसं आपलं आयुष्य पाहूनच बोलत असतात. संस्थेने एवढंच लिहून ठेवावं की ज्यांचं दत्तक होऊन गेलंय त्यांच्यासाठी ती आहे. फोनवर येणाऱ्याला कुणी 'नशीबवान आहेस' म्हणणार नाही आणि 'तुझ्यावर अन्याय झालाय' असंही ऐकवणार नाही.

नेमणुका करताना मुलाखतीत 'तुमची कहाणी सांगा' असं विचारायचं नाही. हे लोक आयुष्यभर ती कहाणी सांगून थकलेले असतात, आणि ज्याची कहाणी जास्त हृदयद्रावक त्याला नोकरी असा घोळ होतो. त्याऐवजी प्रसंग द्या. 'फोनवर एक वडील म्हणतात, माझ्या मुलीला अजून सांगितलेलं नाही, ती बावीस वर्षांची आहे आणि पुढच्या महिन्यात तिचं लग्न आहे. पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही काय विचाराल?' उत्तरात उमेदवार आधी ऐकतो की आधी रागावतो, ते लगेच दिसतं. ज्याचा स्वतःचा शोध चालू आहे किंवा पुनर्भेट होऊन वर्ष झालेलं नाही, त्याला हेल्पलाइनवर बसवू नका. त्याचं चुकतंय म्हणून नाही, तर समोरच्याच्या आईबद्दल बोलताना त्याला स्वतःचीच आई दिसते म्हणून. तोवर त्याला प्रशिक्षणाचं, कागदपत्रांचं किंवा मंडळावरचं काम द्या.

आधारगटाबद्दल थोडक्यात. आठ ते दहा माणसं, महिन्यातून एकदा, दीड तास, दोन समन्वयक. दोघांपैकी एक त्याच अनुभवाचा. शेवटची पंधरा मिनिटं आवराआवरीसाठी राखून ठेवायची, कारण सगळ्यात जड गोष्ट हमखास शेवटच्या पाच मिनिटांत बाहेर पडते आणि माणूस ती घेऊन एकटाच घरी जातो. गट पक्षवार वेगळे ठेवा. मिश्र गटात पहिल्या अर्ध्या तासातच दत्तक पालक दत्तक गेलेल्या मुलीला विचारतात, 'आमचा मुलगा आम्हाला सोडून जाईल का हो?' आणि आधार घ्यायला आलेली ती मुलगी आधार देत बसते. हे इतक्या सहज घडतं की समन्वयकाच्याही लक्षात येत नाही.

आता शोधाचं काम, जिथे अनुभवाची किंमत सगळ्यात जास्त कळते. पहिल्या भेटीत दत्तकाची जुनी फाइल मागवायची नाही. आधी काय हवंय ते बोलायचं: नाव हवंय, आजारांची माहिती हवी, फोटो हवाय, की भेट हवी? हे चार वेगवेगळे शोध आहेत. नुसत्या वैद्यकीय माहितीसाठी आलेल्याला भेटीपर्यंत ओढत नेणं हा कार्यकर्त्याचा उत्साह असतो, अशिलाची, म्हणजे मदत मागायला आलेल्याची, गरज नसते. वैद्यकीय माहिती ताजी मिळवावी लागते, कारण फाइलमधली नोंद बहुधा विशीतल्या तरुण आईची असते आणि मधुमेह, हृदयविकार, बहुतेक कर्करोग त्यानंतर दिसतात. त्याच भेटीत एक प्रश्न लिहून घ्या: 'नकार आला तर पहिला आठवडा तुमच्यासोबत कोण असेल?' याचं उत्तर 'कुणी नाही' असेल तर आधी ती सोय करा, मग शोध.

फाइल आली की कार्यकर्त्याने ती एकट्याने वाचून काढायची नाही. कायद्याने झाकावा लागणारा तिसऱ्याचा मजकूर असेल तेवढा झाकायचा आणि बाकीची फाइल दोघांनी मिळून उघडायची. माझ्या आईचं नाव माझ्याआधी ऑफिसातल्या तिघांना कळलं, ही जखम बारीक वाटते पण भरत नाही. जुन्या फाइलींची भाषा फार कठोर असते. 'वर्ण सावळा, मागणी कमी' किंवा 'माता बेजबाबदार' असे शेरे समोर आले तर वाचणाऱ्याचा हात थांबतो. तेव्हा घाईने समजूत घालू नका. ते लिहिणाऱ्याचं मत होतं, वस्तुस्थिती असेलच असं नाही, एवढं सांगा आणि शांत बसा. वेळ दोन तासांची धरा आणि त्या दिवशी दुसरी भेट ठेवू नका.

जन्मदात्या आईला जाणारं पहिलं पत्र हे या कामातलं सगळ्यात नाजूक हत्यार आहे. तिच्या घरी कुणालाच काही माहीत नसेल, हे गृहीत धरून लिहायचं. पाकिटावर संस्थेचं नाव नको, साधा पत्ता पुरे. मजकूर साधारण असा:

'नमस्कार. मी जुनी कौटुंबिक माहिती जुळवायला मदत करते. एका व्यक्तीची माहिती पाहताना तुमचं नाव समोर आलं. ते नाव तुमचंच आहे का, एवढंच सध्या विचारायचं आहे. तुमच्या सोयीने, निवांत असताना, खालच्या क्रमांकावर फोन केलात तर मी सविस्तर सांगेन. फोन केला नाहीत तरी तुमच्या घरी कुणीही येणार नाही.'

यात साल, दवाखाना, जन्म, दत्तक यातलं काहीच नाही. 'व्यक्ती' हा शब्द मुद्दाम घेतलेला आहे. व्याकरणाने तो स्त्रीलिंगी, त्यामुळे शोधणारा मुलगा आहे की मुलगी ते वाचणाऱ्या तिसऱ्याला कळत नाही. मसुद्यात 'तुमचा पूर्वी संबंध आला होता' असं वाक्य हटकून येतं. ते काढाच. 'संबंध' हा शब्द नवऱ्याच्या किंवा सासूच्या हाती लागला तर काय अर्थ होईल, हे कामात मुरलेल्या समाजकार्यकर्तीच्याही नजरेतून निसटतं आणि जन्मदात्या आईला पहिल्या वाचनात दिसतं. शेवटचं वाक्यही तिचंच. घरी कुणी येणार नाही, हे कळल्याशिवाय ती फोन उचलणार नाही. म्हणून पत्राचे मसुदे तपासायला मंडळावरची जन्मदाती आई हवी, आणि त्या तपासणीचे तिला पैसे द्यायला हवेत.

सहा ते आठ आठवडे थांबा, एकच स्मरणपत्र पाठवा, मग थांबा. नकार आला तर तो पुरा मानायचा. फक्त दोन गोष्टी विचारायला हरकत नाही: आजारांची माहिती द्याल का, आणि शोधणाऱ्याचं एक पत्र तुमच्या नावाने आमच्याकडे ठेवलं तर चालेल का. बऱ्याच जणींचा पहिला नकार भीतीचा असतो. पण भीती जायला किती वर्षं लागतील हे तिने ठरवायचं.

होकार आला तर पहिली भेट तिसऱ्याच जागी, तास-दीड तासाची, दोघांपैकी कुणाच्याही घरी नको. त्याच संध्याकाळी फोन, मग तीन दिवसांनी, तीन आठवड्यांनी, तीन महिन्यांनी. हे फोन वहीत आधीच लिहून ठेवायचे. सुरुवातीला रोज तासन् तास बोलणं होतं आणि मग एक बाजू अचानक गप्प होते. दुसरीला वाटतं, मला पुन्हा सोडलं. गप्प झालेली बाजू बहुतेकदा नुसती दमलेली असते. हे आधी सांगून ठेवलेलं असलं तर तो काळ निभावतो.

डीएनए चाचण्यांनी हे सगळं वेळापत्रक मोडून टाकलंय. चाचणी करून महिन्या-दीड महिन्यात माणसाच्या हाती नातेवाइकांची यादी येते आणि मध्ये कुणी नसतं. इथे एक चूक वारंवार होते. एकच आई किंवा एकच वडील असलेली भावंडं, सख्खी मावशी किंवा काका, आणि आजी-आजोबा या सगळ्यांशी डीएनए साधारण २५ टक्केच जुळतो. म्हणजे आकडा पाहून 'ही माझी बहीण' असं ठरवता येत नाही. ती मावशी असू शकते, आणि तिला आपल्या बहिणीचं बाळंतपण ठाऊकही नसेल. वयाचं अंतर आणि इतर जुळण्या पाहिल्याशिवाय कुणालाही संदेश पाठवू नका, असं हेल्पलाइनवरच्या प्रत्येकाला सांगता आलं पाहिजे. ज्यांना असा संदेश अचानक येतो त्या भावंडांसाठीही दार उघडं हवं. त्यांना तर आपल्या आईच्या आयुष्यातलं एक अख्खं पान पहिल्यांदा कळत असतं.

हे काम करणाऱ्याला दर पंधरवड्याला एक तास बाहेरच्या समुपदेशकाकडे सुपरव्हिजन द्या, म्हणजे कामाचं ओझं मोकळेपणाने बोलायची जागा. तो त्याचा साहेब नसावा. साहेबासमोर कुणी 'या केसने मला माझी आई आठवली' असं म्हणत नाही, कारण पुढची केस काढून घेतली जाईल ही धास्ती असते. नकाराची बातमी देऊन आलेल्याला दोन दिवस नवी केस नको. कुणी, केव्हा, कुठली फाइल उघडली त्याची नोंद राहिली पाहिजे, आणि आपली स्वतःची किंवा नात्यातली फाइल कुणी संस्थेच्या किल्लीने उघडणार नाही, हे नेमणुकीच्या दिवशीच सही घेऊन सांगा. हा मोह सगळ्यांना होतो आणि तो होणं स्वाभाविक आहे. ज्याला तशी गरज आहे त्याचा शोध दुसऱ्या संस्थेकडून करून घ्या.

पैशाचं बोलताना लोक अवघडतात, पण इथेच सगळं ठरतं. दत्तक स्वतः जगलेल्या कार्यकर्त्याला पदवीधर समुपदेशकाइतकंच मानधन द्या. 'तुम्हाला तर या कामाची ओढच आहे' असं म्हणून फुकट राबवून घेणं म्हणजे त्याच्या दुःखावर संस्था चालवणं. दत्तक देण्याचं काम करणाऱ्या संस्थेकडून निधी घेताना फार जपा. जुन्या फाइली तिच्याच ताब्यात असतात आणि त्यात तिच्याच चुका निघू शकतात. घ्यायचाच असेल तर करारात लिहा: निधी देणाऱ्याला अशिलांची यादी मिळणार नाही, कुणाची कहाणी जाहिरातीत वापरता येणार नाही, आणि तक्रारीच्या केसमध्ये निधी थांबवता येणार नाही. फोटो किंवा कहाणी छापायची संमती बारा महिन्यांपुरती घ्या आणि ती कधीही मागे घेता येऊ द्या. ती कहाणी अर्धी त्या आईची असते, आणि तिला कुणी विचारलेलं नसतं.

सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बाजूला हवी. एखादी संस्था बंद पडते तेव्हा तिच्या कपाटात अर्धवट शोध असतात, पाठवलेली पत्रं असतात, ज्यांचं उत्तर चार वर्षांनी येईल. म्हणून पहिल्याच वर्षी दुसऱ्या एका संस्थेशी लेखी ठरवून ठेवा की आपण बंद झालो तर फाइली आणि फोन नंबर तिच्याकडे जातील. पत्रात छापलेला नंबर कधीही बंद पडता कामा नये. कार्यकर्ता सोडून जातानाही तसंच. अशिलाला त्याने स्वतः फोन करून सांगायचं, नव्या कार्यकर्त्याची ओळख तिघांच्या एका भेटीत करून द्यायची, आणि फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचं: शेवटचं बोलणं कधी झालं, पुढचा फोन कधी करायचा आहे, आणि दत्तक गेलेल्याचा वाढदिवस कुठल्या तारखेला येतो. त्या तारखेच्या आठवड्यात फोन येतोच, आणि तेव्हा उचलणाऱ्याला नाव माहीत असायला हवं.